मिस्त्रींच्या मास्कची काच

१

"मॅडम, आमच्याकडे सुरक्षेत कसलीही कसर नाही," मालक म्हणाले, आणि मी मनात म्हटलं, झालं सुरू. जिथे जिथे माणूस दगावतो, तिथे तिथे हे वाक्य माझी वाट बघत उभं असतं.

आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या गाड्या रंगवायच्या कारखान्यात मुख्य पेंटर काम करता करता कोसळले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. त्यांनी रंगवलेल्या गाडीत बघून भांग पाडता येतो, अशी त्यांची ख्याती होती.

माझं काम कारखान्यांमधली सुरक्षा तपासायचं. ते खरं तर अपघाताच्या आधी करायचं असतं. पण आमच्या खात्यात माणसं कमी आणि कारखाने उदंड, त्यामुळे मी बहुतेक वेळा नंतरच पोचते. निवृत्ती तोंडावर आली आहे, गुडघे कुरकुरतात, आणि मालक लोकांच्या बोलण्याचा मला आता मनापासून वीट आलाय.

मालकांनी बूथचं कुलूप काढलं. बूथ म्हणजे एक अख्खी गाडी मावेल अशी बंद, पांढऱ्या दिव्यांची खोली. छतातून स्वच्छ हवा खाली येते आणि जमिनीतल्या जाळीवाटे रंगाचे उडालेले कण घेऊन बाहेर जाते. मधोमध स्टँडवर गाडीचं बॉनेट होतं, गडद निळं, वर शेवटचा चकचकीत थर दिलेला. त्याच्या एका कडेला तो थर ओघळून तसाच वाळला होता. मिस्त्रींच्या हातचा ओघळ मला जरा खटकला. पण कोसळणाऱ्या माणसाचा हात हलणारच, असं म्हणून मी पुढे गेले.

त्या चकचकीत थरातच सगळी मेख असते. तो कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर मिसळतात. फवारताना त्याचे बारीक कण उडतात. ते दिसत नाहीत, त्यांचा म्हणावा तसा वासही येत नाही. पण ते छातीत जात राहिले की काही माणसांची छाती कायमची बिथरते, आणि मग पुढे कधीतरी थोडेसे कणही जीव घ्यायला पुरतात. त्यासाठी नाकावर बांधायचा साधा मास्क चालत नाही. डोकं झाकणारा, समोर वर-खाली करता येणारी काच असलेला आणि नळीने बाहेरची शुद्ध हवा आत आणणारा मास्क लागतो.

तसा मास्क इथे होता. मालकांनी तो खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला. "काच बघा कशी लख्ख आहे. एवढी निगा कोण राखतं सांगा."

काच खरोखर लख्ख होती. डोक्यावरून खांद्यांवर येणारं मास्कचं कापड मात्र रंगाच्या कणांनी पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं. खुंटीखालच्या डब्यात पांढऱ्या मऊ कापडाचा एक चौकोन होता, चारही कडा बारीक टाक्यांनी दुमडून शिवलेला. मी सगळं जिथल्या तिथे ठेवलं.

तेवढ्यात दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. "छाती पार आवळली गेली होती. दम्याचा झटका. आणि दमा कालचा नाही, जुना आहे. कुणाला माहीत नव्हतं का?"

मी मालकांकडे बघितलं. मास्क उत्तम, हवा शुद्ध, आणि त्या मास्कच्या आत माणूस विषाने गेला होता.

मालकांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "मॅडम, आता स्पष्टच बोलतो. त्याची हवा बंद केली कुणीतरी. आणि कुणीतरी म्हणजे कोण, तर त्याचा सख्खा भाऊ."

२

मालकांच्या संशयाचा आधार होता त्यांचा पॉलिशवाला. हा माणूस बूथच्या भिंतीला लागूनच दिवसभर गाड्यांवर मशीन फिरवतो. भुवया सोडून सगळा पांढऱ्या भुकटीने माखलेला होता, आणि बोलायला त्याला कुणीतरी हवंच होतं.

"सकाळी दोघांचं चांगलंच वाजलं होतं," तो म्हणाला. "धाकटा म्हणत होता, आज तिला सांग, नाहीतर मी सांगतो."

"तिला म्हणजे?"

"ते मला काय माहीत. मी कान देऊन ऐकत नव्हतो. पण बायकोपासून लपवायचं म्हणजे काय असतं, मॅडम, तुम्हीच सांगा."

"आणि नळी?"

"आरडाओरडा ऐकून मी धावलो तर धाकटा दादाला ओढत बाहेर आणत होता. नळी भिंतीपासून सुटलेली, जमिनीवर पडलेली. मी डोळ्यांनी बघितली."

हे ऐकून मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू निकाल लागला. मी मास्कला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बघून आले. हवा जिथून ओढली जाते ती जागा बरी होती, गाळण्या ताज्या होत्या, नळीला चीर नव्हती. मग परत पॉलिशवाल्याकडे गेले.

"मास्कमधली हवा कमी झाली की शिट्टी वाजते ना?"

"वाजते तर. कान किटतात. कॉम्प्रेसरचा जोर उतरला की आम्ही सगळे कामं सोडून बघतो."

"काल आरडाओरड्याच्या आधी वाजली?"

तो विचारात पडला. मशीनवरची भुकटी बोटाने पुसत म्हणाला, "नाही बुवा. तसं म्हटलं तर नाही वाजली."

शिट्टी वाजली नाही म्हणजे मिस्त्री काम करत होते तेव्हा हवा चालू होती. नळी नंतर सुटली, आणि माणसाला ओढून बाहेर काढायचं तर ती सोडावीच लागते. एवढा साधा विचार कालपासून इथे कुणी केला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण आला फक्त थकवा.

धाकटा मागच्या बाजूला पुट्टी घासायच्या जागी बसला होता. तिशीतला, रुंद खांद्यांचा, डोळे सुजलेले. समोर एक दार ठेवलं होतं आणि हातात घासायचा कागद होता, पण हात चालत नव्हता. रात्री तो तिथेच पत्र्याच्या खोलीत झोपला होता.

"तू गेलास तेव्हा दादा कसा पडला होता?"

"कुशीवर."

"मास्क?"

"होता डोक्यावर."

"काच?"

"खाली होती." हे उत्तर फार पटकन आलं, आणि ते देताना त्याने माझ्याकडे न बघता कागदाकडे बघितलं.

"सकाळी भांडण कशावरून झालं?"

"घरचं होतं."

"तिला सांग, म्हणजे कुणाला?"

हातातला कागद खाली ठेवून तो म्हणाला, "मॅडम, नळी मीच लावून दिली होती. नीट लागली नसेल. माझ्याच हातून चूक झाली. तसंच लिहून टाका."

एवढ्या वर्षांत चूक दुसऱ्यावर ढकलणारी माणसं मी ढिगाने बघितली. चूक अंगावर ओढून घेण्यासाठी खोटं बोलणारा हा पहिलाच.

३

मिस्त्रींचं घर म्हणजे एका दुकानावरच्या दोन खोल्या. जिना अरुंद होता आणि मधल्या पायरीवर एक कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. ती ओलांडताना माझ्या गुडघ्याने जीव नकोसा केला.

"भाऊजींची आहे," दार उघडणारी बाई म्हणाली. "न्यायला येतील तेव्हा नेतील. आता या घरात नको."

मिस्त्रींची बायको त्याच कारखान्यात रंग जुळवायचं काम करायची. जुन्या गाडीचा उडालेला रंग बघून कशात काय थेंबभर घालायचं हे ती नजरेने सांगायची. तिने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतः उभीच राहिली. माझ्यापेक्षा लहान होती, पण त्या क्षणी आमच्यातलं कोण जास्त दमलेलं आहे हे सांगता आलं नसतं.

"लहान होते तेव्हापासून ह्यांनी त्यांना वाढवलं," ती म्हणाली. "बोट धरून कामाला लावलं. आणि मालक म्हणतात, नळी त्यांनीच लावली होती. मी विचारलं, भाऊजी, खरं का? तर मान खाली घालून हो म्हणाले. पुढे मी काय विचारू?"

"मिस्त्रींना दमा होता, माहीत होतं?"

"दमा नाही हो. खोकला होता. रात्री उठून बसायचे, म्हणायचे धूळ गेली असेल. सुट्टीला मात्र गाढ झोपायचे. मी म्हणायचे, कामाचा शीण आहे."

कामाच्या दिवशी रात्री खोकला आणि सुट्टीला गाढ झोप. मी कामगारांच्या सुरक्षेच्या वर्गांमधून घसा सुकेपर्यंत हेच सांगते, की ही खूण दिसली तर छाती तपासून घ्या. कुणी ऐकत नाही, आणि ज्यांच्या घरी खोकला असतो त्या बायकांना आम्ही वर्गाला बोलवतच नाही.

"निघताना मालक म्हणाले, अलीकडे त्यांची नजर कमी झाली होती, कामात ओघळ येत होते."

तिचा चेहरा एकदम ताठ झाला. "नजर? डोळे तपासायला पाठवलं होतं मालकांनी. काही निघालं नाही. इथे या खिडकीत बसून औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं मला वाचून दाखवायचे. चष्म्याशिवाय."

"मग कामात ओघळ का यायला लागले?"

"तेच कळत नाही. मलाही वाटायचं, ह्यांच्या हातून कसे काय?" तिने पदराने नाही, मनगटाने डोळे पुसले आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरची कापडं उगाच सारखी करायला लागली. "मी ह्यांना कशाची उणीव पडू दिली नाही. डबा, कपडे, रंग फवारायची गन, मास्क, सगळं रोज संध्याकाळी लख्ख करून ठेवायचे मी. दुसऱ्याच्या हातचं मला पटत नाही."

ओट्यावरच्या कापडांकडे माझं लक्ष गेलं. पांढरे मऊ चौकोन, चारही कडा बारीक टाक्यांनी शिवलेल्या.

मी उठायला लागले तशी ती म्हणाली, "एक विचारू? दवाखान्यात मी ह्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. भुवया खरखरीत लागल्या. पापण्यासुद्धा. वाळलेल्या थराची धूळ बसली की पत्रा जसा लागतो ना, तसा. मास्क घातला होता तर ती धूळ आत कशी आली?"

धाकटा म्हणाला होता काच खाली होती, पण ती खाली नव्हती, एवढं आता नक्की झालं.

४

परत कारखान्यात आले तेव्हा मालक चहाचा कप पुढे करून म्हणाले, "झाला का अहवाल? बूथ उद्यापासून चालू करायचाय. गाड्या अडकल्यात."

"उद्या बूथमध्ये कोण जाणार?"

"धाकटा. म्हणजे पोलिसांनी नेला नाही तर."

मी चहा तसाच ठेवला आणि मास्क पुन्हा मागितला. खिडकीपाशी नेऊन नीट बघितला. कापडावर सगळ्या गाड्यांचे रंग बसलेले होते, आणि अगदी वरचा थर काचेसारखा चमकत होता. तो कालचा होता. म्हणजे काल फवारणी झाली तेव्हा कण कापडावर उडाले, कपाळपट्टीवर उडाले, काचेच्या चौकटीवर उडाले. फक्त काचेवर उडाले नाहीत. काचेवर एकही ठिपका नव्हता.

"काचेवर लावायच्या पारदर्शक पट्ट्या कुठे ठेवता?" मी विचारलं.

या पट्ट्या म्हणजे काचेवर चिकटवायचे पातळ पापुद्रे. रंग उडाला की वरचा सोलून फेकायचा, खाली स्वच्छ काच हजर.

मालकांनी कपाट उघडलं, बंद केलं. "त्या मागेच बंद केल्या. उगाच सोलून फेकायच्या वस्तू. काच पुसता येतेच की."

"कशाने पुसता?"

"ते मी नाही बघत."

म्हणजे पट्टी सोललेली नव्हती. काम संपल्यावर काच पुसावी तर मिस्त्री कोसळले होते. आणि कोसळल्यावर त्यांची काच पुसायची आठवण कुणाला झाली असती?

धाकट्याचा मास्क शेजारच्या खुंटीवर होता. तो अधूनमधून खालचा थर फवारायचा, त्यामुळे मास्क बराच नवा होता. त्याला काच नव्हती, नुसती चौकट.

"याची काच?"

"फुटली म्हणे," मालक म्हणाले.

पॉलिशवाला मागून म्हणाला, "फुटली? परवा तर होती. मीच म्हटलं होतं, तुझी काच कशी नवरीसारखी ठेवलीस."

चौकटीच्या खाचेत मी बोट फिरवलं. काच फुटून बरेच दिवस झाले असते तर या कारखान्यात ती खाच धुळीने भरली असती. माझं बोट स्वच्छ बाहेर आलं.

मिस्त्रींच्या मास्कवर जी काच होती, ती मिस्त्रींची नव्हती.

५

धाकट्यासमोर मी दोन्ही मास्क ठेवले आणि बाकीच्यांना बाहेर घालवलं. त्याने ते बघितले आणि घासायच्या कागदांच्या पेटीतून, सगळ्यात तळातून, एक काच काढली.

काच कसली, धुक्याचा तुकडा होता. उजेडाकडे धरली तर केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं दिसत होतं. पलीकडचा दिवा नुसता एक पांढरा डाग झाला होता.

"थिनर," मी म्हणाले.

त्याने होकारार्थी मान हलवली.

थिनर म्हणजे रंग पातळ करायचा द्रव, रंगाच्या कारखान्यात सगळं त्यानेच पुसतात. गन, कप, बाटल्या, हात, नखं. जिथे रंग लागला तिथे थिनर, ही त्यांची सवय झालेली असते. पण मास्कची काच ही काच नसतेच, ते प्लास्टिक असतं. थिनर लावला की त्या क्षणी ते आरशासारखं साफ दिसतं आणि मग हळूहळू आतून तडकत जातं. पट्ट्या बंद झाल्यावर कुणीतरी ती रोज संध्याकाळी मऊ कापडाने, मनापासून, थिनरने पुसत होतं.

"वहिनी," मी म्हणाले.

"मॅडम, पाया पडतो, तिला सांगू नका." त्याचा आवाज फुटला. "दादाला दिसेनासं झालं होतं. थर बसला का, ओघळ आला का, काही कळायचं नाही. मग गन खाली ठेवली की काच वर करून बघायचा. तसं आम्ही सगळेच करतो. बूथ साफ दिसतो ना. पण तो दर थराला करायला लागला. खोकला वाढला. मी म्हटलं, माझी काच घे. तर म्हणाला, मग तू काय घालशील? मालकांकडे नवी मागितली, एकदा नाही, किती वेळा. मालक म्हणाले, काचेला काय झालंय, तुझे डोळे तपास."

"आणि वहिनीला सांगायचं तर?"

"तेच सकाळी म्हणत होतो. आज तिला सांग, नाहीतर मी सांगतो. दादा म्हणाला, ती एवढ्या मायेने पुसते, तिच्या जिवाला लागेल. नवी काच आली की आपोआप मिटेल. तू बोलायचं नाहीस." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "मी गेलो तेव्हा काच वर होती. दवाखान्यातून परत आलो तर बूथ अजून उघडाच होता. म्हटलं, ही काच कुणी बघितली तर विचारतील, कुणी पुसली. म्हणून माझी लावली."

"आणि तिने तुला घराबाहेर काढलं तरी बोलला नाहीस."

"मला काढलं तर मी दुसरीकडे राहीन. तिला स्वतःला कुठे काढता येणार आहे?"

मी त्या पेटीवर बसले. माझ्यापाशी दोन वाटा होत्या. नळी सैल होती असं लिहिलं, तर एक निर्दोष माणूस आयुष्यभर भावाचा मारेकरी म्हणून जगला असता. खरं लिहिलं, तर त्या बाईच्या पायाखालची जमीन सरकली असती. तिसरी वाट म्हणून काचेचा विषयच टाळावा, असंही एकदा मनात आलं. पण बूथ उघडण्याआधी मला इथे सुरक्षेचा वर्ग घ्यायचा होता, आणि या कारखान्यात सांगण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नेमकी तीच होती. ती गाळली असती तर पुढचा मास्कही कुणीतरी थिनरने पुसला असता.

"तिला मी सांगणार आहे," मी म्हणाले. "वर्गात चारचौघांत नाही, त्याआधी, घरी."

तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

६

पिशवी अजून जिन्यातच होती. मी ती काच टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. असं काही सांगायची चांगली पद्धत नसते. मी बऱ्याच घरांमध्ये बरंच काही सांगितलंय आणि दर वेळी घर सोडताना वाटतं, आपण वेगळं काहीतरी काम करायला हवं होतं.

तिने काच उचलून खिडकीकडे धरली. "रंगातली एका थेंबाची चूक मला कळते," ती म्हणाली. "आणि ही रोज माझ्या हातात होती."

"ओली असताना साफ दिसते. तुम्ही पुसायचात, लगेच मास्क खुंटीला लावायचात."

"लगेच लावायचे. घाई असायची, घरी स्वयंपाक असायचा."

"हे बघा, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पट्ट्या मालकांनी बंद केल्या. नवी काच मागितली ती त्यांनी दिली नाही. छातीची तपासणी दर वर्षी करायची असते, ती कधी झाली नाही. फवारणीनंतर बूथ खरोखर साफ व्हायला किती वेळ लागतो हे कुणी मोजलंच नाही, म्हणून काच कधी वर करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या अहवालात हे सगळं मालकांच्या नावावर जाईल."

"कुणाच्या नावावर काय जायचं ते जाऊ दे, मॅडम." तिने काच खाली ठेवली. "मला एवढंच सांगा. ह्यांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि भाऊजींना?"

"त्यांनाही."

ती खुर्चीवर बसली. मी आल्यापासून पहिल्यांदाच बसली. काचेकडे बघत म्हणाली, "एक शब्द बोलले असते ना हे, तर मी साबणाने पुसली असती. एवढंच तर होतं." आणि मग तिला रडू आलं. मी तिथेच बसून राहिले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग बूथच्या बाहेर भरवला. मालक आले, हातातला फोन उलटा ठेवून बसले. अहवालाची प्रत त्यांना सकाळीच दिली होती, त्यामुळे सुरक्षेत कसर नसल्याचं वाक्य आज ऐकू आलं नाही. पॉलिशवाला पुढे बसला. धाकटा सगळ्यात मागे, दारापाशी उभा. मिस्त्रींची बायको येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. शेजारच्या खुर्चीवर तिने आपली पर्स ठेवली.

मी बूथमध्ये यंत्राने धूर भरला आणि पंखे चालू केले. सगळे खिडकीतून बघत होते. धूर विरळ झाला, मग दिसेनासा झाला.

"साफ झाला का?" मी विचारलं.

"झाला," पॉलिशवाला म्हणाला. मालकांनीही मान डोलावली.

मी बाकीचे दिवे बंद करून एकच झोताचा दिवा लावला. त्या झोतात अजून पांढरा धूर गरगरत होता.

"गन खाली ठेवली की काच वर कोण करतं?"

एकेक करून हात वर गेले. धाकट्याचाही गेला. झोत अगदी रिकामा होईपर्यंत आम्ही तसेच थांबलो. वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, आणि मी सांगितलं की एवढा वेळ काच खाली आणि हवा चालू ठेवायची, दर वेळी. मग मी टेबलावरचा मास्क उचलला. पुढचं वाक्य मी रात्रभर घोळवलं होतं, तरी ते ओठांवर येईना.

कोपऱ्यातली खुर्ची सरकली.

"काच साबण आणि पाण्याने पुसायची," मिस्त्रींची बायको उभी राहून म्हणाली. आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू गेला. "थिनरने नाही. मी थिनरने पुसायचे. म्हणून ह्यांना दिसायचं नाही, म्हणून हे काच वर करायचे. नळी बरोबर लागली होती."

पॉलिशवाल्याने मान खाली घातली. मालक फोनकडे बघत राहिले, आणि या वेळी मला त्यांच्याशी बोलायची इच्छासुद्धा झाली नाही.

ती खाली बसली. शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून तिने मांडीवर घेतली आणि मागे दाराकडे बघितलं.

"भाऊजी, तिथे कशाला उभे? इथे बसा. पिशवी मी वर आणून ठेवलीय."

तो आला आणि तिच्या शेजारी बसला. मी मास्क साबणाच्या पाण्यात बुडवला आणि काच कशी पुसायची ते दाखवायला सुरुवात केली.